अखेरचा मोहिकन आणि त्याच्यानंतरचे मोहिकन

इ. स. १७५७ च्या जून महिन्यात प्लासीच्या आमराईत क्लाइव्हने सिराजउद्दौल्याचा पराभव केला, आणि त्यानंतर सात आठवडेही उलटले नाहीत तोच पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, न्यूयॉर्क प्रांताच्या उत्तर सरहद्दीवरील एका सरोवराच्या काठी, इंग्रजांचाच एक किल्ला फ्रेंचांच्या हाती पडला. दोन्ही घटना एकाच विश्वव्यापी संग्रामातल्या होत्या. या संग्रामाचा आपल्याकडील शेवट, ज्या आठवड्यात पानिपतावर मराठ्यांची फौज कापली गेली त्याच आठवड्यात, १७६१ च्या जानेवारीत पाँडिचेरीच्या पाडावाने झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे अमेरिकेच्या अरण्यातला तो लहानसा वेढा मराठी वाचकाला वाटतो तितका परका राहत नाही. प्लासीतून एक साम्राज्य उभे राहिले. विल्यम हेन्री किल्ल्याच्या पाडावातून एक कादंबरी उभी राहिली, आणि त्या कादंबरीने एका जिवंत लोकसमूहाच्या नशिबी मृत्यूचा शेरा लिहून ठेवला. तो शेरा कसा लिहिला गेला, आणि ज्यांच्यावर तो लिहिला गेला ते त्या वेळी प्रत्यक्षात काय करीत होते, याचा हा वृत्तांत आहे.

मॉन्ट्रियलहून न्यूयॉर्ककडे जाणारा तत्कालीन राजमार्ग पाण्याचा होता. शँप्लेन सरोवर, त्याला दक्षिणेकडून मिळणारे जॉर्ज सरोवर, मग थोडी खुष्कीची वाट आणि पुढे हडसन नदी, असा तो सलग जलमार्ग ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती दोन्ही मुलखांच्या किल्ल्या असत. म्हणूनच १७५५ साली इंग्रजांनी जॉर्ज सरोवराच्या दक्षिण टोकाला ओंडक्यांच्या चौकटींत माती भरून विल्यम हेन्री नावाचा किल्ला बांधला, आणि तेथून सुमारे १५ मैलांवर, हडसनच्या तीरी, एडवर्ड नावाचा दुसरा किल्ला राखला. पहिल्याचा अंमलदार लेफ्टनंट कर्नल जॉर्ज मन्रो हा होता. दुसऱ्यात जनरल डॅनियल वेब मोठी शिबंदी घेऊन बसला होता. १७५७ च्या ऑगस्टच्या ३ तारखेस फ्रेंच सेनापती मार्की द मॉन्काम सुमारे ६,००० फ्रेंच व कॅनडावासी शिपाई आणि त्यांच्या जोडीला १,६०० हून अधिक मूळनिवासी योद्धे घेऊन किल्ल्यापुढे आला, तेव्हा मन्रोपाशी किल्ला व त्यालगतची छावणी मिळून सव्वादोन-अडीच हजार माणसे होती. त्यांतली कित्येक देवीच्या साथीने आजारी होती, आणि सततच्या माऱ्याने तापून किल्ल्याच्या तोफा एकामागून एक फुटत होत्या.

मन्रोने वेबकडे कुमकेसाठी हरकाऱ्यांवर हरकारे धाडले. वेबच्या सहायकाने लिहिलेले उत्तर घेऊन निघालेला जासूद वाटेत मारला गेला, आणि त्याच्या अंगरख्याच्या अस्तरात दडवलेला खलिता मॉन्कामच्या हाती लागला. कुमक पाठवणे शक्य नाही, तेव्हा मिळतील तितक्या चांगल्या शर्ती पदरात पाडून घ्याव्यात, असा त्यातला आशय होता. मॉन्कामने तो काही दिवस जवळ ठेवला आणि मोर्चे पुरेसे जवळ आल्यावर पांढऱ्या निशाणासह आपल्या सहायक अधिकाऱ्याच्या हाती सन्मानाने मन्रोकडे रवाना केला. तो अधिकारी म्हणजे पुढे जगप्रदक्षिणा केलेला दर्यावर्दी बूगँव्हील. आपल्या अंगणातल्या बोगनवेलीला नाव लाभले ते त्याचेच. या मोहिमेची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे, आणि त्या आठवड्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा बराचसा भाग तिच्यामुळे ठाऊक आहे.

ऑगस्टच्या ९ तारखेस तहनामा झाला. शर्ती उदार होत्या. शिबंदीने निशाणे आणि एक तोफ घेऊन सन्मानाने बाहेर पडावे, बंदुका बाळगाव्यात पण दारूगोळा बाळगू नये, अठरा महिने फ्रेंचांविरुद्ध हत्यार उचलू नये, आणि आजारी व जखमी माणसे फ्रेंचांच्या हवाली करावीत. युरोपातल्या दोन दरबारांमध्ये असा करार चोख ठरला असता. परंतु मॉन्कामच्या छावणीत तीसहून अधिक जमातींचे योद्धे होते. त्यांतले कित्येक महासरोवरांच्या पलीकडून शेकडो कोसांची मजल करून आले होते, आणि त्यांच्यातल्या आयोवा योद्ध्यांची भाषा तर फौजेतल्या एकाही दुभाष्याला कळत नव्हती. या लोकांना मुशाहिरा नव्हता. लूट, कैदी आणि शत्रूच्या मस्तकावरचे कातडे, हाच त्यांच्या मोहिमेचा मोबदला होता, आणि गावी परतल्यावर त्यांच्या पराक्रमाची साक्ष पटवणारा पुरावाही तोच. मॉन्कामने सही करण्यापूर्वी त्यांच्या नायकांना बोलावून शर्ती सांगितल्या हे खरे. पण शर्ती ठरवताना त्यांना विचारले नव्हते, आणि त्यांच्या वाट्याचे सारे काही त्या कागदाने शत्रूला परत देऊन टाकले होते.

पुढे जे घडले ते भीषण होते आणि त्याचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. त्याच दिवशी किल्ल्यात शिरलेल्या योद्ध्यांनी मागे राहिलेल्या आजाऱ्यांना ठार मारले. दुसऱ्या दिवशी पहाटे एडवर्ड किल्ल्याकडे निघालेल्या रांगेवर त्यांनी हल्ला चढवला, सामान हिसकावले, प्रतिकार करणाऱ्यांना मारले आणि शेकडो माणसे कैद करून नेली. मॉन्काम आणि त्याचे अधिकारी मध्ये पडले, पण उशिरा आणि अपुऱ्या बळाने. बरेचसे कैदी पुढे मॉन्ट्रियलला गव्हर्नर व्होद्रय याने खंडणी मोजून सोडवले. त्या रांगेत असलेला जोनाथन कार्व्हर याने वीस वर्षांनी छापलेल्या प्रवासवर्णनात मृतांचा आकडा १,५०० दिला आणि तोच लोकांच्या मनात रुजला. १९९० साली इयन स्टील या इतिहासकाराने हजेरीपत्रके, कैद्यांच्या याद्या आणि पगारपत्रके एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा मृत व कायमचे बेपत्ता मिळून संख्या दोनशेच्या आतच भरली. योद्ध्यांनी मात्र त्या किल्ल्यातून आणखी एक गोष्ट नेली, जिची गणना कोणीच ठेवली नव्हती: देवीने मेलेल्यांची थडगी उकरून काढलेल्या कातड्यांबरोबर तो रोग पश्चिमेकडच्या गावागावांत पोहोचला, आणि इतक्या मोठ्या संख्येने त्या जमाती फ्रेंचांच्या मदतीस पुन्हा कधी आल्या नाहीत. मन्रो त्याच नोव्हेंबरात आल्बनी येथे वारला. किल्ला फ्रेंचांनी जाळून टाकला.

या राखेतून कथा उभी राहायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. मध्यंतरी वसाहतींचे स्वतंत्र राष्ट्र झाले होते, पण त्या राष्ट्राला स्वतःचे वाङ्मय नव्हते, आणि याचे कारण प्रतिभेच्या अभावाइतकेच बाजारातही होते. परदेशी ग्रंथकाराच्या स्वामित्वाला अमेरिकेत १८९१ पर्यंत कायद्याचे संरक्षण नसल्यामुळे वॉल्टर स्कॉटची प्रत्येक नवी कादंबरी बोटीतून उतरताच लेखकाला छदाम न देता स्वस्तात छापली जाई. ज्याला मोबदला द्यावा लागेल अशा देशी लेखकाकडे प्रकाशकाने का वळावे? तरीही १८१४ सालच्या ‘वेव्हर्ली’ने एक वाट दाखवली होती. आपल्याच भूमीतला, आजोबांच्या आठवणीच्या टप्प्यातला भूतकाळ घ्यावा, त्यातल्या खऱ्या युद्धात कल्पित माणसे उभी करावीत आणि राष्ट्राला त्याचे चरित्र द्यावे, ही ती वाट. आपल्याकडेही १८७१ च्या ‘मोचनगडा’पासून हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांपर्यंत याच वाटेने मराठी वाचकाच्या मनातला शिवकाळ घडत गेला, आणि इतिहाससंशोधकांना पुढे कितीतरी वर्षे त्या मूर्तीशी झुंजावे लागले. कथेने एकदा मनात बसवलेली मूर्ती कागदपत्रांनी हलवणे किती कठीण असते, हे आपण अनुभवाने जाणतो.

जेम्स फेनिमोर कूपर याचा जन्म १७८९ चा. बापाने ऑट्सिगो सरोवराच्या काठी वसवलेल्या कूपर्सटाउन गावात तो वाढला, येल विद्यालयातून काढला गेला, काही काळ आरमारात राहिला आणि तिशीपर्यंत त्याने लेखणी हाती धरली नव्हती. पत्नीला एक इंग्रजी कादंबरी वाचून दाखवीत असता ती बाजूला फेकून, याहून चांगली मी लिहीन, असे तो म्हणाला, अशी हकीकत त्याच्या कन्येने नोंदवली आहे. १८२१ च्या ‘द स्पाय’ने त्याला कीर्ती मिळाली आणि अमेरिकन विषयावरचा अमेरिकन ग्रंथ बाजारात तग धरू शकतो हे सिद्ध झाले. १८२४ साली काही इंग्रज प्रवाशांबरोबर, ज्यांत पुढे इंग्लंडचा मुख्य प्रधान झालेला एडवर्ड स्टॅन्ली हाही होता, कूपर हडसनवरील ग्लेन्स फॉल्स येथे गेला. धबधब्याच्या खडकातली गुहा पाहून, येथे एखादी अद्भुत कथा घडली पाहिजे, असा विचार त्या मंडळींत निघाला, आणि १८२६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या कॅरी अँड ली या प्रकाशकांनी ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ बाहेर काढली. तीत ती गुहा आहे, सरोवर आहे, मन्रो आहे, मॉन्काम आहे, अस्तरातला नसला तरी वाटेत पकडलेला वेबचा खलिता आहे, आणि पहिल्या खंडाच्या अखेरीस ती कत्तलही आहे.

कूपरच्या कलेला न्याय दिला पाहिजे. त्याची स्त्रीपात्रे निर्जीव आहेत आणि संवाद पुष्कळदा ताठर आहेत. परंतु अरण्यातली निःशब्दता, मोडलेल्या डहाळीवरून वाट काढणे, पाण्याच्या आवाजात बुडालेली पावले, या गोष्टी त्याच्यापूर्वी इंग्रजी कादंबरीत कोणी इतक्या एकाग्रतेने लिहिल्या नव्हत्या. हॉकआय हा गोरा शिकारी आणि चिंगाचगूक हा मोहिकन नायक यांची मैत्री ही त्याची सर्वांत थोर कल्पना आहे. चिंगाचगूकला त्याने जे गांभीर्य दिले ते त्या काळी मूळनिवाशाला वाङ्मयात क्वचितच मिळत असे.

पण इतिहासाला त्याने दोन ठिकाणी जो हात लावला, तो साधा नव्हता. पहिला बदल कत्तलीच्या कारणाचा. कूपरने मूळनिवाशांविषयीची पुष्कळशी माहिती मोराव्हियन मिशनरी जॉन हेकवेल्डर याच्या ग्रंथातून घेतली होती. हेकवेल्डरचे आयुष्य डेलावेअर लोकांत गेले असल्याने ते आणि त्यांचे नातलग उदात्त, तर त्यांचे वैरी कपटी, अशी विभागणी त्याच्याकडून कूपरकडे आली. त्यातून ह्यूरन नायक माग्वा जन्मला. मन्रोने आपल्याला चाबकाने फोडून काढले या वैयक्तिक सूडाने पेटलेला हा खलपुरुष कत्तलीची इशारत देतो, आणि मोबदल्याचा जो खरा वाद तीसहून अधिक जमाती आणि एक फ्रेंच सेनापती यांच्यामध्ये होता, तो नाहीसा होतो. मन्रोच्या कोरा आणि ॲलिस या कन्याही कूपरच्याच निर्मिती होत. कत्तलीच्या कारणातल्या या फरकाचे महत्त्व मला फार वाटते, कारण ज्याची मजुरी बुडवली गेली तो माणूस हिंसा करतो तेव्हा त्याच्याशी वाटाघाट करता येते. ज्याच्या रक्तातच सूड आहे असे ठरवले, त्याला मारणे किंवा हाकलणे एवढेच उरते.

दुसरा बदल नावातच आहे. चिंगाचगूकचा पुत्र अंकस कादंबरीच्या अखेरीस माग्वाच्या हातून मरतो, डेलावेअरांचा शतायुषी पुढारी टॅमेनंड विलाप करतो, आणि मोहिकनांचा वंश संपतो. वास्तविक अंकस हे नाव कनेक्टिकटमधल्या मोहेगन या वेगळ्याच लोकांच्या सतराव्या शतकातल्या राजाचे. तो अंकस म्हातारा होऊन १६८३ च्या सुमारास वारला, आणि १६३७ साली पीक्वॉट लोकांचे मिस्टिक येथील तटबंद गाव जेव्हा इंग्रजांनी आग लावून भस्मसात केले, तेव्हा तो इंग्रजांच्या बाजूने लढत होता. हडसनकाठचे मोहिकन वेगळे. या दोन्ही लोकसमूहांचे वंशज आज अस्तित्वात आहेत.

त्या दशकात हे समाप्तीचे वेड एकट्या कूपरला नव्हते. १८२४ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, लिडिया मारिया चाइल्ड हिने न्यू इंग्लंडच्या आरंभकाळावरची ‘हॉबोमॉक’ ही कादंबरी काही आठवड्यांत लिहून निनावी प्रसिद्ध केली. तीत प्यूरिटन घरातली मेरी एका मूळनिवाशाशी विवाह करते आणि तिला पुत्र होतो. एवढे धाडस करूनही शेवटी नायक स्वतःहून अरण्यात निघून जातो, आणि त्याचा मुलगा हार्वर्डमध्ये शिकून बापाचे नाव मागे टाकतो. १८२७ च्या ‘होप लेस्ली’त कॅथरिन मारिया सेजविक याहून पुढे गेली. मिस्टिकच्या त्या आगीची कहाणी तिने मागाविस्का या पीक्वॉट मुलीच्या तोंडून, जळणाऱ्यांच्या बाजूने सांगवली. दोनशे वर्षे प्यूरिटन इतिहासकारांनी ज्याला ईश्वरी कृपा म्हटले होते त्याला एका तरुणीच्या साक्षीने संहार म्हणायला भाग पाडणे ही माझ्या मते त्या साऱ्या दशकातली सर्वांत निर्भय साहित्यकृती होय, आणि कूपरच्या सावलीत ती दीडशे वर्षे दडून राहिली ही वाङ्मयाच्या इतिहासाची मोठी हानी आहे. तरीही मागाविस्का अखेरीस पश्चिमेकडे निघून जातेच. पीक्वॉटांच्या बाबतीत तर हे निघून जाणे कागदावर आधीच लिहिले गेले होते: १६३८ च्या हार्टफर्डच्या तहनाम्याने त्यांचे नावदेखील उच्चारण्यास मनाई केली होती, आणि १८५१ साली मेल्व्हिलने आपल्या ‘मोबी डिक’मधल्या जहाजाला त्यांचे नाव दिले तेव्हा ते लोक नामशेष झाले असे निःशंकपणे लिहून टाकले. त्यांचे वंशज तेव्हाही कनेक्टिकटमध्येच राहत होते.

या पुस्तकांचा काळ नीट पाहिला पाहिजे. १८३० च्या मे महिन्यात अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने मूळनिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. कूपरने तो कायदा घडवला असे म्हणणे अन्याय होईल, आणि चाइल्ड तर पुढे गुलामगिरीविरुद्ध आणि मूळनिवाशांच्या बाजूने आयुष्यभर लढली. पण जे लोक आपोआप मावळत आहेत असे वाचकाने हळहळत वाचले होते, त्यांना सरकार हाकलते आहे हे पाहून त्याला धक्का बसण्याचे कारणच उरले नव्हते. विलाप आधी उरकला होता.

आणि आता ज्याच्यासाठी हा लेख लिहिला त्या माणसाकडे येतो. सेजविकचे जन्मगाव स्टॉकब्रिज हे १७३० च्या दशकात मोहिकनांसाठीच वसवलेले मिशनगाव होते. तेथे १७५७ साली, म्हणजे कूपरने ज्या वर्षी अखेरच्या मोहिकनाला मृत्यू दिला त्याच वर्षी, हेन्ड्रिक ऑपॉमट याचा जन्म झाला. तो मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकला आणि स्वातंत्र्ययुद्धात स्टॉकब्रिजच्या मोहिकन पलटणीतून अमेरिकेच्या बाजूने लढून कप्तान झाला. त्या पलटणीतले कित्येक १७७८ च्या ऑगस्टात न्यूयॉर्कजवळ किंग्जब्रिज येथे कापले गेले. जे परतले त्यांच्या जमिनी कर्जापोटी गोऱ्या शेजाऱ्यांकडे गेल्या होत्या. तेव्हा ते लोक न्यूयॉर्कमधील ओनायडांच्या मुलखात जाऊन राहिले आणि त्या वस्तीला त्यांनी न्यू स्टॉकब्रिज म्हटले. ऑपॉमट त्यांचा नायक झाला. १७९२ साली संयुक्त संस्थानांच्या सरकारने त्याला पश्चिमेकडच्या जमातींकडे वकील म्हणून पाठवले. गोऱ्यांवर विश्वास ठेवावा असे त्याने तेथे सांगायचे होते, आणि ज्यांच्याशी तो बोलत होता त्यांचा आक्षेप खरा आहे हे त्याला स्वतःच्या गावच्या अनुभवावरून ठाऊक होते. त्याच्या वृत्तांतात हे ओझे जाणवते.

त्याने आपल्या लोकांचा इतिहासही लिहिला. आपले पूर्वज वायव्येकडून महाजल ओलांडून निघाले, आणि जिचे पाणी भरती-ओहोटीने सदैव हलते अशा नदीपाशी येऊन स्थिरावले, असे त्यात आहे. ती नदी म्हणजे हडसन. त्यातला काही भाग मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात १८०४ साली छापलाही गेला होता, म्हणजे कूपरच्या कादंबरीच्या बावीस वर्षे अगोदर. पश्चिमेच्या वकिलातीचा त्याचा वृत्तांत पेनसिल्व्हेनियाच्या हिस्टॉरिकल सोसायटीने १८२७ साली प्रसिद्ध केला. ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ फिलाडेल्फियात निघून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, आणि हा ग्रंथही निघाला त्याच शहरात. त्याचा लेखक मोहिकन होता आणि हयात होता. वाचकांनी पहिले पुस्तक उचलले, दुसरे विद्वानांच्या कपाटात गेले.

त्या सुमारास त्याचे लोक पुन्हा एकदा हलवले जात होते, या वेळी विस्कॉन्सिनकडे. ऑपॉमट तिकडे गेला आणि १८३० साली, जॅक्सनच्या कायद्याच्याच वर्षी, तेथेच वारला. त्याच्यामागून जॉन क्विनी हा त्यांचा पुढारी अनेक वर्षे वॉशिंग्टनला अर्ज, दाखले आणि करारांच्या नकला घेऊन खेपा घालीत राहिला. १८५४ च्या ४ जुलैस, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्क संस्थानातल्या रीड्सव्हिल गावी, आपल्या पूर्वजांच्याच मुलखात, तो जमलेल्या गोऱ्या लोकांपुढे भाषणाला उभा राहिला. आपल्या लोकांकडून कोणती जमीन कशी गेली, याची हकीकत त्याने त्यांना ऐकवली, आणि न्याय मागितला. पुढच्या वर्षी तो वारला. त्याचे लोक आजही विस्कॉन्सिनमध्ये आहेत, स्टॉकब्रिज-मन्सी या नावाने, आणि आपले दप्तर ते आता स्वतःच्या ग्रंथालयात स्वतः सांभाळतात.